गणूबुवांच्या गाठ्या

गणूबुवांची पाठ मी एकदाच पाहिली. देऊळगाव राजात नोकरीला होतो तोवर त्यांच्या दुकानी दिवसाआड तरी माझी फेरी व्हायची. पण समोर गिऱ्हाईक उभं असताना हा माणूस कधी वळला नाही. मागच्या फळीवरची बरणी हवी असली तर नजर गिऱ्हाइकाच्या हातांवर ठेवायची, आपला हात मागे न्यायचा, बोटांनी चाचपायचं आणि हवी तीच बरणी पुढे आणायची. लिमलेट मागितलं आणि पेपरमिंट आलं, असं कधी झालं नाही.

"बुवा, मी शाळामास्तर आहे. मी काय गोळ्या उचलणार आहे?" असं मी एकदा न राहवून म्हणालो.

"असन बी, नसन बी," बुवा म्हणाले.

हे त्यांचं सगळ्याला उत्तर होतं. लढाई चालू होती. जर्मन मागे हटला अशी बातमी कोणी आणली की, असन बी नसन बी. शेजारच्या कोष्ट्याला मुलगा झाला आणि तो स्वतः बत्तासे न्यायला आला, तरी त्याच्या हसऱ्या तोंडाकडे पाहून बुवा म्हणाले, "असन बी." पुढचं 'नसन बी' त्यांच्या बायकोने, सरूबाईंनी, आतून खोकून अडवलं.

मी मूळचा दुसरबीडचा. आम्हा दुसरबीडकरांना देऊळगाव राजा म्हणजे शहर. तिथे वेशी होत्या, बालाजीचं मोठं देऊळ होतं, कोष्ट्यांची आळी होती, मोटारी थांबायची जागा होती, आणि मुख्य म्हणजे मला न ओळखणारी माणसं होती. या शहरात मी नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात हरवलो. देवळातून निघून माझ्या भाड्याच्या खोलीवर जायला एक सरळ गल्ली पुरे होती. मी डावीकडे वळलो, मग चूक सुधारायला आणखी डावीकडे वळलो, आणि शेवटी नाकानेच मला थांबवलं. कुठेतरी गुळाचा पाक उकळत होता.

वासामागे गेलो तर एका बोळाच्या तोंडाशी खोलीएवढं दुकान. फळीवर बरण्या, पुढे पितळी परात, परातीत गुडदाणी. तिच्या शेजारी गुळाची शेव, रेवड्या, साखरफुटाणे, चिंचेच्या गोळ्या, तिखटमीठ लावलेल्या वाळक्या बोरांची बरणी, आणि लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या पेपरमिंटच्या कांड्या. आमच्या दुसरबीडच्या बाजारात एक म्हातारी टोपलीत नेमका हाच माल घेऊन बसायची. ती गेल्यावर तो माल जगातूनच गेला असावा अशी माझी समजूत होती. मी तिथे टोपी सावरत उभा राहिलो आणि माझ्या तोंडाला असं पाणी सुटलं की भाव विचारायला आधी आवंढा गिळावा लागला.

भाव ऐकून दुसरा आवंढा गिळला. लहानपणी जो भाव होता तोच! बाहेर साखर परवान्यावर, रॉकेल परवान्यावर, धोतरजोडी दुप्पट किमतीला. आणि इथे एका पैशात पळसाच्या पानाची भरलेली पुडी.

"कोनासाठी?" बुवांनी विचारलं. उंच, वाळका माणूस. भुवया इतक्या दाट की डोळे त्यांच्या आड लपून बघताहेत असं वाटे.

"माझ्यासाठीच."

"तुमाले? सोताले?"

"हो."

"लेकरंबाळं?"

"लग्न नाही झालं अजून."

"काऊन?"

गुडदाणीच्या दुकानात या प्रश्नाला उत्तर म्हणून मी पैसा पुढे केला. बुवांनी माझा पैसा घेतला, दगडावर वाजवला, उलटा करून पाहिला. निजामाची हद्द तिथून जवळ. तिकडचं हाली नाणं इकडच्या इंग्रजी कलदारात मिसळून यायचं, म्हणून सगळेच दुकानदार पाहत. पण बुवा नाणं पाहून झाल्यावर पुन्हा एकदा माणसाकडे पाहत, त्याचा शिक्का नीट उमटलाय का ते तपासल्यासारखे. मग त्यांनी मला एक लिमलेटची गोळी वर दिली. मी खूश झालो. गोळी तोंडात टाकली आणि कडकन फोडली.

बुवांचा चेहरा पडला. आतल्या अंगाला मान न वळवता ते म्हणाले, "ऐकलं का वो? फोडली."

"मंग नजर ठेवजा," आतून सरूबाई म्हणाल्या.

गोळी चघळणारा माणूस भरवशाचा आणि फोडणारा उतावळा, ही त्या घरातली परीक्षा होती. मी पहिल्याच दिवशी नापास झालो. बुवांनी तो निकाल पुढे कधीही बदलला नाही.

तर बुवांचा माझ्यावर संशय होता. माझाही त्यांच्यावर होता, हे इथे सांगितलं पाहिजे. हा माणूस या भावात विकतो कसा? गावात दोन तर्क होते. आमचे हेडमास्तर पहिल्या तर्काचे. "जालन्याकडची साखर, दुसरं काय," ते तपकिरीची चिमूट धरून सांगत. निजामाच्या राज्यातून हद्द चुकवून आणलेली साखर, परवान्याशिवाय. पकडली तर दुकानाला कुलूप आणि माणसाला बेड्या. दुसरा तर्क बाजारपेठेतल्या मोठ्या मिठाईवाल्याचा: गणू शंखजिऱ्याची पूड मिसळतो, पोरांच्या पोटात दगड होतील. दोन्ही तर्क सांगणारे लोक बोलता बोलता खिशातून बुवांच्याच रेवड्या काढून खात.

मी शास्त्र शिकवत असे. म्हणजे इतिहासाचे मास्तर रजेवर गेले की इतिहास आणि एरवी शास्त्र. तेव्हा प्रयोग करणं मला भाग होतं. वर्गात मुलांसमोर काचेच्या प्याल्यात पाणी घेतलं, बुवांचा एक बत्तासा त्यात सोडला, बोटाने ढवळला. "साखर असेल तर विरघळेल," मी म्हणालो, "पूड असेल तर तळाशी बसेल." थोड्या वेळाने तळाशी पांढरा थर दिसू लागला. मुलं उभी राहिली. मी धावत जाऊन हेडमास्तरांना घेऊन आलो. त्यांनी प्याला उजेडात धरला, थर पाहिला, मग शांतपणे म्हणाले, "मास्तर, बोटं दाखवा."

माझी बोटं खडूने पांढरीफटक होती. त्याच बोटाने मी ढवळलं होतं.

संध्याकाळी दुकानी गेलो तेव्हा बुवा पुडी बांधता बांधता म्हणाले, "पेलाभर पानी आनू का, मास्तर? ढवळाले?" आतून सरूबाईंचं हसू आलं, ते त्यांनी पदरात दाबलं असावं, कारण मध्येच तुटलं.

मी विषय बदलला. परातीतली गुडदाणी हातात घेऊन म्हणालो, "बुवा, आमच्या लहानपणी ही केवढी मोठी असायची! दोन हातांत धरावी लागे."

"तवा तुमचे हात लहान व्हते," बुवा म्हणाले. "तोंड बी लहान व्हतं. आता मानूस मोठा झाला का त्याले समदंच लहान दिसते."

मला ते फार पटलं. इतकं पटलं की मी दुसऱ्या दिवशी वर्गात त्यावर पाऊण तास बोललो. बालपणीचं घर मोठं वाटतं, विहीर खोल वाटते, मास्तर उंच वाटतात. वस्तू तेवढीच असते, वाढतो तो आपण. मुलांनी ते वहीत उतरवून घेतलं.

बुवांच्या दुकानाचा खरा हंगाम होळीचा. आमच्याकडे होळीला लेकरांच्या गळ्यात साखरेच्या गाठ्यांची माळ घालतात. ज्याच्या गळ्यात गाठी नाही ते लेकरू धुळवडीला घराबाहेर पडत नाही, ओट्याआड बसतं. हे मी पाहिलेलं आहे. लाकडी साच्यात दोरा ओवायचा, वर साखरेचा पाक ओतायचा, निवला की साचा उघडायचा. फुलांफुलांची पांढरी माळ बाहेर येते. बुवांची गाठी पैशाला मिळायची. लढाईच्या आधी पैशाला, लढाईतही पैशालाच. बाजारपेठेतल्या मिठाईवाल्याने भाव चौपट केला होता, आणि त्याच्याकडे माशी फिरकत नव्हती. त्यानेच बुवांविरुद्ध तक्रारीचा अर्ज ठोकला असं पुढे लोक म्हणाले. असेलही, नसेलही.

होळीला थोडे दिवस राहिले असताना सप्लाय खात्याचे इन्स्पेक्टर झडतीला आले. बरोबर एक हवालदार. झडतीला पंच लागतात. एक म्हणून शेजारचा कोष्टी धरला, आणि दुसऱ्यासाठी शाळेत निरोप आला. "तुमचं तिथे जाणं-येणं आहे," म्हणून हेडमास्तरांनी मला पाठवलं आणि दारापर्यंत येऊन हळूच म्हणाले, "नीट बघा. पोत्यावरची शिलाई बघा. तिकडची शिलाई वेगळी असते."

मी निघालो. साखर सापडली तर दुकान जाणार, या होळीला गावातली निम्मी पोरं ओट्याआड बसणार. सापडली नाही तर माझ्या तर्काचं काय? मनातल्या मनात मी दोन्ही बाजूंनी होतो.

बुवा दुकानाच्या मधोमध उभे होते आणि एकाच वेळी चौघांच्या हातांवर नजर ठेवू पाहत होते. बरण्या उघडल्या. माळ्यावर हवालदार चढला आणि शिंकत उतरला. परवान्याची साखर निघाली, ती मोजून पाहिली, बरोबर भरली. चुलीमागे, कढईखाली, कडब्याच्या ढिगात, कुठे काही नाही. इन्स्पेक्टर टोपी घालून निघणार, एवढ्यात त्यांच्या लक्षात आलं की सरूबाई मघापासून एका पेटीवर बसून आहेत आणि सगळं घर हललं तरी त्या हललेल्या नाहीत.

"बाई, उठा जरा."

"लुगडी हायेत माही."

"पाहू द्या."

"बायाच्या लुगड्यात काय पाहता जी? तुमच्या घरी नाहीत का लुगडी?"

कोष्टी हसला. इन्स्पेक्टर तांबडे झाले. "उठा!"

सरूबाईंनी बुवांकडे पाहिलं. त्या उठल्या. पेटी उघडली. वर खरंच एक जुनं लुगडं होतं. त्याखाली लाकडी साचे होते, गाठ्यांचे. हवालदाराने ते एकेक काढून ओळीने मांडले. सगळ्यांवर तेच फूल, तीच महिरप, कडेला तेच वेलीचं पान. फक्त पहिला साचा तळहाताएवढ्या फुलाचा, दुसरा त्याहून जरासा लहान, तिसरा आणखी जरासा. जुने साचे तेल पिऊन काळे पडलेले, नवे अजून पिवळट. शेवटचा, अगदी ताजा, बुवांनी या होळीसाठी नुकताच कोरलेला दिसत होता. त्याच्या फुलात माझ्या अंगठ्याचं पेर जेमतेम मावलं असतं.

मी शास्त्राचा मास्तर असूनही मला ते कळायला वेळ लागला. आणि कळलं तेव्हा माझ्या पाऊण तासाच्या व्याख्यानाला भर दुपारी घाम फुटला.

तेव्हा बुवा वळले. भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. बंडीवर पाठीमागे मोठं ठिगळ होतं, ते गावात कोणाला माहीत नव्हतं.

इन्स्पेक्टरना काही उमगलं नव्हतं. "एवढे साचे कशाला? आणि लपवून का?" ते विचारत होते. कोष्टी पुढे वाकून पाहत होता. त्याच्या डोक्यात उजेड पडायला एवढाच अवकाश होता, आणि पडला असता तर दिवेलागणीपर्यंत सगळ्या गावात पडला असता. चोरीची साखर सापडली असती तरी गावाने बुवांना माफ केलं असतं. तुरुंगातून सुटून आल्यावर हार घातले असते. पण लेकराच्या गाठीची कोर दर वर्षी कापली, आणि वर 'तुमीच मोठे झाले' म्हणून सांगितलं, हे कोणी माफ केलं नसतं. त्या दुकानाची पायरी पुन्हा कोणी चढलं नसतं.

कोणी मला काही विचारलं नव्हतं. तरी मी बोललो. "साहेब, ते वयाप्रमाणे आहेत."

"म्हणजे?"

"म्हणजे लहान लेकराला लहान गाठी, मोठ्याला मोठी. जुनी रीत आहे." पंचाच्या तोंडून आल्यामुळे ते मलाही खरं वाटलं.

इन्स्पेक्टरचा चेहरा उजळला. "असं का? आमचा थोरला आता इंग्रजी शाळेत जातो. मग त्याला हा पहिला साचा लागेल नाही?" त्यांनी तळहाताएवढ्या फुलावर बोट ठेवलं.

"मले बी दोन मोठे हायेत," हवालदार म्हणाला.

"अन् माहा पुतन्या," कोष्टी म्हणाला. "त्याले तं मिशा फुटल्या!"

झडतीत काही सापडलं नाही असं लिहून मी सही केली आणि छाती पुढे काढून घरी आलो. एका माणसाची अब्रू वाचवली होती. रात्री झोपही छान लागली.

सकाळी दार वाजलं. दुकान सोडून कधी कुठे न जाणारे गणूबुवा माझ्या उंबऱ्यात उभे होते. आत या म्हणालो तर त्यांनी खोलीचे चारही कोपरे पाहिले आणि उंबऱ्यावरच राहिले.

"मास्तर, तुमाले कोनं बोलाले लावलं व्हतं बे?"

'मास्तर' आणि 'बे' एका वाक्यात मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

"बुवा, मी तुम्हाला वाचवलं!"

"वाचवलं! पहाटपासून समद्या आळीचे बाप दारात उभे हायेत. माह्या पोराले मोठा साचा, माह्या पोराले मोठा साचा. येवढी साखर कोठून आनू? परवान्यात तं त्या लहान फुलाच्याच माळा होतात."

"मग भाव वाढवा."

बुवांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी लिमलेटची आख्खी बरणी फोडली असावी. "लेकरू मुठीत एक पैसा धरून येते, मास्तर. त्याले दोन मांग म्हनता? ते घरी जाते मंग. घरून परत येत नाही." मग म्हणाले, "भाव वाढवला का मानूस माह्या तोंडाकडं पाह्यते. साचा लहान केला का आपल्या हाताकडं पाह्यते अन् म्हनते, मीच वाढलो. कोनाचं काय गेलं?"

आम्ही दोघे दुकानी गेलो. सरूबाई चुलीपाशी बसल्या होत्या. सगळं ऐकून त्यांनी फुंकणी बाजूला ठेवली.

"उलटं करा ना जी."

"काय उलटं?"

"लहान्याले मोठी, मोठ्याले लहान. पहिल्या होळीच्या लेकराले तो मोठा साचा. मंग जसजसं वाढन तसतशी गाठी बारीक. पहिल्या होळीचं लेकरू गावात असते किती? अन् मोठे पोट्टे पाहा, आळीआळीनं पडले हायेत."

बुवा बायकोकडे संशयाने पाहू लागले. मला वाटतं, तो त्यांचा कौतुकाचा चेहरा असावा. "पन मास्तर तं उलटं सांगून बसले."

"मास्तराचं काय," सरूबाई म्हणाल्या, "त्यायचं चुकते हे गावाले माहीत हाय. पेल्यात खडू ढवळते तो मानूस."

अशा रीतीने माझ्या खडूने त्यांचं दुकान वाचवलं. सरूबाईंनी ही रीत नदीवर, देवळात आणि गिरणीत सांगितली. दोन दिवसांत कोष्टी आळीतली सर्वांत म्हातारी बाई शपथेवर सांगू लागली की हे तिच्या सासूच्या वेळेपासून असंच आहे. हेडमास्तरांनी तर प्रार्थनेनंतर मुलांना त्यातलं तत्त्व समजावलं: वय वाढेल तशी गोडाची आसक्ती कमी व्हावी, असा आपल्या पूर्वजांचा हेतू. मी मागे उभा राहून मान डोलावली. त्या होळीला एकही लेकरू ओट्याआड बसलं नाही. मिशा फुटलेल्या पोट्ट्यांनीही ती अंगठ्याच्या पेराएवढ्या फुलांची माळ अभिमानाने मिरवली. माळ जितकी बारीक तितका गडी मोठा, असा त्याचा अर्थ झाला होता. इन्स्पेक्टरच्या थोरल्यासाठी मात्र बुवांनी मुकाट्याने मोठी गाठी पाठवली.

ही गोष्ट इथे संपती तर मी तुम्हाला गणूबुवा म्हणजे सज्जन माणूस, असं सांगून मोकळा झालो असतो. पण रीत एकदा सुरू झाली की ती गावाची होते, काढणाऱ्याची राहत नाही. पहिल्या होळीचा मान सगळ्यांना हवासा झाला. वर्षभरात लग्न झालेल्या मुलीचा बाप येऊन म्हणे, जावयाची आमच्या घरची पहिली होळी, मोठा साचा पाहिजे. सासू म्हणे, सुनेचीही पहिलीच. कोणी नवं घर बांधलं, त्या घराची पहिली. एका पाटलाने दुसरबीडच्या बाजारातून बैलजोडी आणली होती. त्याने चार मोठ्या गाठ्या सांगून ठेवल्या, एकेका शिंगाला एकेक. आणि किंमत? किंमत पैसाच. तीही आता रीत झाली होती.

"बुवा, एवढी साखर कुठून आणणार?" मी विचारलं. दुसरी होळी जवळ आली होती.

"पाहू," बुवा म्हणाले. त्या दिवसांत त्यांनी 'असन बी, नसन बी' म्हणणंही कमी केलं होतं. दुकानाच्या पायरीशी उभे राहून जालन्याच्या रस्त्याकडे पाहत राहायचे.

त्याच फाल्गुनात माझी बदली डोणगावला झाली. आदल्या संध्याकाळी निरोप घ्यायला गेलो तर सरूबाईंनी रेवड्यांची पुडी दिली आणि म्हणाल्या, "तिथं कोनाले वाचवू नका बरं." बुवा दुकानात नव्हते. कुठे गेले विचारलं तर त्यांनी चुलीत लाकूड सारलं.

पहाटे वेशीपाशी आलो. मोटार उभी होती, कोळशाच्या गॅसवर चालणारी, त्यामुळे निघायच्या आधी क्लीनर बराच वेळ भट्टी पेटवीत होता. उजाडू लागलं होतं. तेवढ्यात जालन्याच्या बाजूने कडब्याने भरलेली एक बैलगाडी आली आणि तिच्या बाजूने गणूबुवा चालत होते. वेशीच्या कडेला गाडी थांबली. गाडीवानाने कडबा उपसला, खालून पोतं ओढलं, जमिनीवर टाकलं आणि बैल हाकून चालता झाला. बुवांनी इकडेतिकडे पाहिलं. त्यांना मी दिसलो.

"मास्तर! या इकडं. धरा एक टोक."

"काय आहे?"

"मीठ."

मी वळकटी खाली ठेवली आणि टोक धरलं. पोतं जड होतं. शिलाई पाहावी असं मनात आलं, पण तिकडची कशी असते हे हेडमास्तरांनी शेवटपर्यंत सांगितलंच नव्हतं. दोन पावलं गेलो नाही तो मनगटाला गुदगुल्या झाल्या. पाहिलं तर पोत्याच्या शिवणीतून मुंग्यांची रांग निघून माझ्या बाहीत शिरत होती. चांगल्या धडधाकट, तांबड्या.

मी बुवांकडे पाहिलं. भुवयांआडून त्यांचे डोळे माझ्याकडेच होते.

"तुमच्याच जिभेनं मागवलेला माल हाय," ते हळूच म्हणाले. "गुमान उचला."

वेशीच्या आडून झडतीचा तोच हवालदार आला. तोंडात कडुनिंबाची काडी. "काय हाय बुवा सकायी सकायी?"

एरवी उलटा प्रश्न विचारणारे बुवा ओठ मिटून उभे राहिले.

"मीठ," मी म्हणालो. मोठ्याने, वर्गात सांगतात तसं.

हवालदाराने पोत्याकडे पाहिलं, माझ्या बाहीकडे पाहिलं, काडी एका गालातून दुसऱ्या गालात नेली. "मास्तर म्हनते तं मीठच असन," तो म्हणाला. आणि जाता जाता, "बुवा, माह्या धाकल्याची या साली पहिली होळी हाय. ध्यानात ठेवजा."

पोतं बोळाच्या तोंडापर्यंत नेलं. तिथून सरूबाईंनी माझं टोक घेतलं. त्यांनी मला ओळखलंच नाही असं दाखवलं. क्लीनर शिट्ट्या मारत होता. मी पळत येऊन मोटारीत चढलो. मागे वळून पाहिलं तर बुवा बोळाच्या तोंडाशी उभे होते, दंडावरच्या मुंग्या झटकत, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आळीपाळीने बघत. माझ्या मोटारीकडेही त्यांनी तसंच पाहिलं. हात वगैरे काही केला नाही.

शेजारचा उतारू विचारत होता, "मास्तर, सारखे काय खाजवून राह्यले?" दुसरबीड मागे पडलं तरी ते मीठ माझ्या बाहीत चावतच होतं.